गाडीखाली तेल दिसलं की लगेच सील बदलायचं का?

गाडीखाली तेल दिसलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते म्हणजे "सील गेलंय, बदलून टाकू". आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण सील का गेलं हे कोणी विचारत नाही, मालक पण नाही आणि मिस्त्री पण नाही, मग काही महिन्यांत परत तोच डाग आणि परत तीच मजुरी. मला हा विषय जरा सविस्तर लिहायचाय कारण हे रबराचं कडं स्वतः दोन-चारशे रुपयांत येतं, पण त्याच्यापर्यंत हात पोचवायला कधी कधी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि एवढी उस्तवार करून काम झालं तर ते एकदाच आणि नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आधी सील लागतंच कशाला ते बघू. इंजिन काय, गिअरबॉक्स काय, मागचं डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) काय, हे सगळे तेल भरलेले बंद डबे, आणि आत जे फिरतंय त्याची ताकद बाहेर आणायची तर कुठूनतरी शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. जिथे तो बाहेर येतो तिथे ऑईल सील बसतं. इंजिनच्या वरच्या झाकणाला, म्हणजे टॅपेट कव्हरला, किंवा खालच्या ऑईल चेंबरला जे लागतं ते पॅकिंग, ते दोन न हलणाऱ्या भागांच्या मधे दाबून बसतं, त्याचं काम तसं सोपं. सीलला मात्र तेल अडवायचंय आणि त्याच वेळी शाफ्टला फिरूही द्यायचंय.

नवीन सील हातात घेऊन बघा एकदा. बाहेर पत्र्याचं कडं, त्याच्यावर चढवलेलं रबर, आतल्या बाजूला त्या रबराची एक पातळ धार, तिला लिप म्हणतात, आणि लिपच्या पाठीमागे बारीक स्प्रिंगचं एक गोल कडं. स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे. दुसऱ्या बाजूला बहुतेक सीलना अजून एक छोटी लिप असते, ती धूळ आणि पाणी बाहेर ठेवायला.

आता खरी गंमत पुढे आहे. आपल्याला वाटतं रबर शाफ्टला आवळून बसतं म्हणून तेल अडतं, पण पूर्ण तसं नाहीये, कोरडं रबर फिरत्या लोखंडावर घासत राहिलं तर थोड्याच वेळात जळून कडक होईल. शाफ्ट फिरायला लागला की लिपच्या खाली तेलाचा अतिशय पातळ थर तयार होतो, एक मायक्रॉनच्या आसपास, आणि लिप त्या थरावर चालते. लिपचा तेलाकडचा उतार जास्त उभा आणि हवेकडचा कमी उभा ठेवलेला असतो, त्यामुळे रबराच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे ते तेल सतत परत आत ढकलत राहतात. म्हणजे सील नुसतं बूच नाहीये, तो एक छोटासा पंप आहे. हे डोक्यात बसलं की बाकीचं बरंच आपोआप कळतं. सील उलटं बसवलं तर ते तेल बाहेर फेकतं. लिपला केसाएवढा चिरा पडला तरी गळतं. आणि शाफ्टला कोणी पॉलिश पेपर तिरका फिरवून घासला तर त्या तिरक्या रेघा आट्यांसारखं काम करतात आणि तेल बाहेर खेचतात, सील कितीही भारी कंपनीचं असो. शाफ्टचा पृष्ठभाग साधारण ०.२ ते ०.८ मायक्रॉन इतक्या खरखरीतपणाचा ठेवतात, त्याहून खडबडीत नको आणि आरशासारखा गुळगुळीत पण नको, कारण मग तेलाचा थर टिकत नाही.

काम किती कठीण आहे त्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या, मागच्या सीलचा आतला व्यास ८० मिमी धरा आणि इंजिन ३००० आरपीएमवर. लिपच्या खालून दर सेकंदाला साडेबारा मीटर लोखंड सरकतंय, म्हणजे ताशी ४५ किमी, आणि नाशिकहून पुण्याला पोचेपर्यंत हे चालूच, ते पण शंभर अंशांच्या आसपासच्या तेलात.

म्हणूनच रबर कुठलं आहे याला फार महत्त्व आहे, आणि फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते. साधं नायट्राईल रबर साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं, ॲक्रिलिक १५० पर्यंत, आणि फ्लोरो रबर, ज्याला व्हायटन म्हणून ओळखतात, ते २०० पर्यंत. सीलवर ३५-५०-८ असे आकडे असतात, शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. स्पेअरच्या दुकानात हे आकडे सांगितले की सील मिळतं, बसतं पण अगदी बरोबर, पण मूळ सील फ्लोरोचं आणि हे नायट्राईलचं असेल तर इंजिनच्या उष्णतेत ते लवकरच प्लास्टिकसारखं कडक होतं. रंगावरून ओळखता येतं असं सांगणारे भेटतील, त्याच्यावर जाऊ नका, तपकिरी रंग कोणीही देऊ शकतं. गाडीच्या पार्ट नंबरवरून घ्या, माझं तरी मत ठाम आहे की सीलमध्ये शंभर रुपये वाचवायला जाऊ नये, बाकी कुठेही वाचवा.

बरं, आता गळती शोधणं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे जिथे थेंब लोंबतोय तिथलंच सील धरायचं. तेल खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, त्यामुळे थेंब पडतो एकीकडे आणि उगम असतो दुसरीकडे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेल दिसलं की "बॅक क्रँक सील" म्हणून गिअरबॉक्स उतरवायची तयारी सुरू होते, आणि नंतर कळतं की टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात पाझरत होतं आणि तेल ब्लॉकवरून ओघळत खाली येत होतं. ऑईल प्रेशरचा स्विच, फिल्टरची रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, हे पण असंच फसवतात. नियम एकच, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. त्यासाठी आधी ती बाजू डिग्रीजरने स्वच्छ धुऊन कोरडी करायची (प्रेशरचं पाणी कनेक्टरवर मारू नका), मग गाडी चांगली गरम होईल एवढी फिरवायची, त्र्यंबकला जाऊन आलात तरी पुरे, आणि आल्याआल्या टॉर्च घेऊन खालून बघायचं. अगदी बारीक पाझर असेल तर धुतलेल्या भागावर टाल्कम पावडर फवारा, ओली रेघ लगेच उठून दिसते. काही गॅरेजवाले तेलात चमकणारा रंग घालून निळसर दिव्याखाली बघतात, ती पद्धत सगळ्यात खात्रीची. एवढं करायला कोणी कंटाळा करत असेल तर त्याच्याकडे गिअरबॉक्स उतरवायला देऊ नका.

कुठलं तेल आहे ते पण बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. काळपट पातळ असेल तर इंजिनचं, घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑईल, लालसर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, ते सोडून द्या. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे ड्राईव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे ओलं असेल तर ते शाफ्टचं सील, तुलनेने सोपं काम.

एक सील मात्र बाहेर कधीच गळत नाही, व्हॉल्व्ह सील, इंजिनच्या आत व्हॉल्व्हच्या दांडीवर बसणारं. ते गेलं की तेल सिलिंडरमध्ये जातं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. पेट्रोल गाडीत ओळखायची चांगली जागा म्हणजे आपला कसारा घाट. उतरताना गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून गाडी येऊ द्या, खाली आल्यावर परत पाय दिला आणि मागे निळ्या धुराचा लोट दिसला तर व्हॉल्व्ह सीलचा संशय पक्का करायला हरकत नाही, कारण उतारावर इंजिनात जोराचं ओढ तयार होते आणि ते तेल खाली खेचतं. सकाळी पहिल्या स्टार्टला थोडा वेळ निळा धूर आणि मग बंद, हे पण त्याचंच लक्षण. सतत धूर, चढावर जास्त, हे असेल तर पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील.

आता मुख्य मुद्दा, सील गेलं का. वय झालं, रबर कडक झालं, हे एक कारण, आणि दहा-बारा वर्षांच्या गाडीत ते मान्य. पण गाडी त्यापेक्षा नवी असेल किंवा सील नुकतंच बदललेलं असेल तर आधी प्रेशर बघा. साधं ऑईल सील प्रेशर अडवायला बनवलेलंच नसतं, अर्धा बार पण त्याला जड जातो. इंजिनात रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली येतो, तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये ओढला जातो. ती वाट काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल सर्वात कमजोर सीलमधून बाहेर निघतं. मिस्त्री ज्याला "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात तेच. घरी बघायचं असेल तर इंजिन आयडलला ठेवून तेलाचं झाकण काढा आणि भोकावर रबरी हातमोजा पसरून धरा. हलका आत ओढला गेला तर ठीक, फुगायला लागला तर सील बदलून काहीही होणार नाही, आधी पीसीव्ही आणि ब्रीदरचे (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचे) पाईप साफ करा, तरीही फुगत असेल तर रिंगांचा विषय आहे. हातमोजा दहा-वीस रुपयांचा, आणि त्याच्यामुळे हजारोंचं काम वाचतं, कृपा करून हे करून बघा.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियललाही असाच छोटा ब्रीदर असतो, आणि आपल्या नाशिक भागात तो हमखास तुंबतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जाणाऱ्या पिकअप, इगतपुरीच्या पावसात चिखल उडवत फिरणाऱ्या गाड्या, यांचा ब्रीदर शोधायला गेलं तर आधी मातीचा गोळाच हाताला लागतो. घाट चढून डिफरन्शियल तापलं की आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असल्यामुळे ती सीलवाटे तेल बाहेर ढकलते, आणि तापलेली गाडी पाण्यात घातली की आतली हवा आकसून तीच लिप पाणी आत ओढून घेते. मग तेल ताकासारखं पांढरट होतं. पावसाळ्यात गोदाघाटाजवळ गाडी लावून पुराच्या पाण्यात सापडली असेल, म्हणजे पुराची उंची ज्याच्यावरून सांगतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं आणि तुमची गाडी खालीच होती असं काही, तर चाकांच्या बेअरिंगमधल्या ग्रीसपासून डिफरन्शियलच्या तेलापर्यंत सगळं तपासून घ्या, बाहेरून गाडी कितीही चकाचक धुतलेली असो.

बाकी कारणं पटकन सांगतो. तेल मापापेक्षा जास्त भरलं तरी गळतं. बेअरिंग झिजून शाफ्ट वर-खाली हलत असेल तर लिपला तो हालचालीचा खेळ सांभाळता येत नाही, अशा वेळी बेअरिंग न बदलता सील टाकणं म्हणजे पैसे वाया. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर लिप कोरडी पडते आणि शाफ्टवर गंजाची रेघ बसते.

उपाय म्हणून दोन गोष्टी हमखास सुचवल्या जातात. एक, जाड तेल टाका. ज्या इंजिनला पातळ ०डब्ल्यू-२० तेल सांगितलंय त्यात जाड २०डब्ल्यू-५० टाकून गळती थोडी मंदावेल, पण वरच्या बारीक वाटांत तेल वेळेवर पोचणार नाही, हा सौदा वाईट आहे. दोन, बाटलीतलं "सील दुरुस्त करणारं" औषध. ते रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं, कडक झालेल्या सीलला काही दिवस आराम पडतो, पण चिरलेल्या लिपला किंवा झिजलेल्या शाफ्टला त्याचा काही उपयोग नाही.

प्रत्येक ओल म्हणजे घाई असंही नाही. सीलभोवती नुसती ओलसर धूळ चिकटलेली असेल, थेंब पडत नसेल, डिपस्टिकवर महिन्यात फरक दिसत नसेल तर राहू द्या, दर पंधरा दिवसांनी बघत रहा. पण काही ठिकाणी एक थेंबसुद्धा चालत नाही. टायमिंग बेल्टच्या इंजिनात, उदाहरणार्थ डस्टरचं जुनं १.५ लिटर डिझेल, कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचं) किंवा पुढचं क्रँक सील बेल्टवर गळत असेल तर तेल रबराला खातं आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. तेल टर्बो किंवा सायलेन्सरवर पडून जळक्या वासाचा धूर येत असेल तर आगीचा धोका आहे. आणि बोलेरोसारख्या, मागे अख्खा एक्सल असलेल्या गाड्यांत एक्सलचं सील गेलं की गिअर ऑईल थेट ब्रेकच्या लायनरवर जातं. अशा गाडीत आई-वडिलांना घेऊन सप्तशृंगी गडावरून खाली येऊ नका. मागच्या चाकाच्या आतून तेलाची ओघळ दिसली किंवा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढायला लागली की त्याच दिवशी दाखवा, आणि तेल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू देऊ नका, नवीनच टाका.

आता बदलायचं कसं. ड्राईव्ह शाफ्टचं सील धरून सांगतो कारण हौशी माणूस ते करू शकतो, मागचं क्रँक सील गॅरेजचंच काम. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावायचेच. गिअर ऑईल काढायचं (आणि ते काळं तेल गटारात ओतू नका, ते नासर्डीतून गोदावरीलाच जातं, जुनं तेल घेणारे असतात त्यांना द्या). शाफ्ट बाहेर काढल्यावर जुनं सील काढायच्या आधी ते काठापासून किती आत बसलंय ते मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. काढताना पेचकस शाफ्टवर किंवा बसायच्या जागेवर टेकवून उचकटू नका, तिथे पडलेला एक ओरखडा नवीन सीलचा जीव घेतो, पन्नास-पन्नास रुपये वाचवण्यापेक्षा सील पुलर घ्या.

मग शाफ्टवर जिथे लिप चालत होती तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीये. रबर लोखंडाला खातं हे ऐकायला विचित्र वाटतं पण तेलातली बारीक कचकच रबरात रुतते आणि वर्षानुवर्षं घासते. अशा शाफ्टवर नवीन सील टाकून उपयोग नाही. जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवून लिप नवीन जागेवर आणता येते, नाहीतर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, त्यामुळे सीलचं माप तेच राहतं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत शाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर परत घासून देणारे पण आहेत, पण सीलच्या जागेला ग्राइंडिंगच हवं, लेथच्या आट्यांची रेघ राहिली तर वर सांगितलं तसं तेल बाहेर येणार.

नवीन सीलच्या लिपला, आत जे भरणार आहात तेच तेल बोटाने लावा. बाहेरच्या कडेला रबर असेल तर सिलिकॉन लावायची गरज नाही, भसाभस लावलेलं सिलिकॉन आत पडून ऑईलची जाळी तुंबवतं, याचा मला खरंच राग येतो. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट किंवा पाईप घेऊन चारी बाजूंनी सारखं, हळूहळू ठोका, एका बाजूने ठोकलं की ते तिरकं होतं आणि आतली स्प्रिंग उडून निघते, बाहेरून काही दिसत नाही पण गळती सुरू. सीलवर बाण असेल तर तो फिरायची दिशा दाखवतो, डावं-उजवं बदलू नका. शाफ्ट परत घालताना त्याच्या दात्यांनी लिप कापली जाते, म्हणून तो हाताने पेलून सरळ आत न्या. आणि शेवटी तेल माप बघून भरा.

नवीन गाड्यांत मागचं क्रँक सील बऱ्याचदा टेफ्लॉनच्या लिपचं असतं, त्याला स्प्रिंग नसते आणि त्याचे नियम उलटे आहेत. लिपला तेल लावायचं नाही, कोरडंच बसवायचं, सोबत आलेली प्लास्टिकची बाही शेवटपर्यंत काढायची नाही, आणि बसवल्यावर बरेच उत्पादक काही तास इंजिन चालू करू नका म्हणतात कारण लिपला शाफ्टवर बसायला वेळ लागतो. जुन्या सवयीने तेल चोपडून बसवलं की पहिल्याच दिवशी गळतं. काही गाड्यांत त्याच सीलमध्ये क्रँक सेन्सरसाठी चुंबकी रिंग असते, ती थोडी फिरून बसली तर गाडी स्टार्टच होत नाही. बऱ्याच गाड्यांत चाकांच्या बेअरिंगच्या सीलमध्येही एबीएससाठी अशीच रिंग असते, तिला हातोडी आणि चुंबक दोन्हीपासून लांब ठेवा. पुढचं क्रँक सील करताना अजून एक, काही इंजिनांत पुलीखालच्या टायमिंगच्या चाकाला चावीच (चाक शाफ्टवर जागच्या जागी अडकवणारा लोखंडी तुकडा) नसते, ते फक्त बोल्टच्या दाबाने धरलेलं असतं, इंजिन लॉक न करता बोल्ट सैल केला तर टायमिंग सरकतं.

गिअरबॉक्स उतरवणारच असाल तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी तपासून घ्या, तेल लागलेली प्लेट धुऊन चालत नाही. मजुरी एकदाच जाते.

आणि गॅरेजमधून निघताना जुनं सील मागून घ्या, ते बरंच सांगतं. लिप दाबल्यावर मऊ न लागता टणक लागली, भेगा दिसल्या तर उष्णता किंवा वय, किंवा चुकीचं रबर. लिपवर घासल्याचा पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर सील तिरकं बसलेलं होतं किंवा शाफ्ट मध्यावर नाही, बेअरिंग बघायला सांगा. लिप एकाच ठिकाणी कापलेली असेल तर ती मागच्या वेळी बसवतानाच कापली गेली. आणि लिप चांगली मऊ, पट्टा सगळीकडे सारखा, स्प्रिंग जागेवर, असं जर ते सील निघालं तर त्याच्यात दोष नव्हता, गळती दुसरीकडून होतीये किंवा आतला दाब वाढलाय, गाडी ताब्यात घ्यायच्या आधी तिथेच हातमोजा लावून बघा.